केंद्र नसलेलं गाव

आधी मॅडमचं सांगतो, काय घडलं ते मागून. त्या अर्थशास्त्र शिकवायच्या. पुण्याहून गोंदिया जिल्ह्यात धान खरेदीचा अभ्यास करायला आल्या, आणि नववीत शाळा सोडलेल्या माझ्या हातात त्यांनी प्रश्नावली दिली. माझं घर सांगलीकडे. तिरोड्याला वीजकेंद्राच्या बांधकामावर आलो होतो, आमच्या टोळीचं काम संपलं, आणि आता घरी काय सांगायचं या काळजीत टपरीवर बसलो होतो. तिथंच त्यांनी विचारलं, "लिहिता येतं ना? आणि समोरचा बोलताना गप्प बसता येतं?" दुसऱ्याची खात्री नव्हती, तरी हो म्हणालो.

अभ्यासाचा प्रश्न एवढाच: सरकारने हमीभावाने धान घ्यायचं केंद्र उघडलं, तर शेतकऱ्याचा खरंच फायदा होतो का? मला वाटलं, यात अभ्यास कसला!

"केंद्र आलं, भाव वाढला. लिहून टाका की, मॅडम."

"त्या वर्षी सगळीकडेच वाढला असेल तर?"

मी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं.

"केंद्र आलंच नसतं तर काय झालं असतं, ते शोधायचंय."

"जे झालंच नाही, ते दिसणार कसं?"

"म्हणून तर दुसरं गाव."

सालेकसा तालुक्यात त्यांनी दोन गावं निवडली होती. जमीन तशीच, पाऊस तोच, जंगलही तेवढंच. एकात केंद्र, दुसऱ्यात नाही. हे डोक्यात शिरलं तेव्हा अंगावर काटा आला. न घडलेली गोष्ट बघायला सायकलवर टांग मारून जाता येतं! मग मला तो नादच लागला. मी शाळा सोडली नसती तर काय झालं असतं, हे कळायला अगदी माझ्यासारखाच दुसरा कुठं सापडेल, असं मी मॅडमना विचारलं. त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, "तीच तर आमची डोकेदुखी आहे."

केंद्राच्या गावात भाव चांगला होता, पण मॅडम तेवढ्यावर थांबायच्या नाहीत. पोती राखत केंद्रावर किती दिवस बसलात? ओलं म्हणून धान परत पाठवलं का? तेवढे दिवस मजुरी बुडाली का? फायद्यातून हेही वजा करायचं, हे मला कधी सुचलं नसतं.

नियम एकच होता. विचारायचं, सांगायचं नाही. हमीभाव जाहीर असला तरी दुसऱ्या गावापर्यंत तो पोचलेला नव्हता; केंद्राचा भाव आपल्या तोंडून तिथं कळला, की ते केंद्र नसलेलं गाव उरलंच नाही.

त्या दुसऱ्या गावात पहिल्याच दिवशी मी एका मावशीला विचारलं होतं, "यंदा भात किती झाला?" ती म्हणाली, "भात चुलीवर हाये, बाबू. धान विचारून राहिला का?" आमच्याकडे शेतातल्या पिकालाही भातच म्हणतात. अख्खी गल्ली हसली, आणि तिथून मी त्यांच्या घरचा झालो. घोटाळा तिथंच झाला.

मळणी उरकल्यावर पुन्हा गेलो, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी व्यापाऱ्याचा टेम्पो उभा होता. चार घरांचं धान चढलं होतं. आता मावशीची पोती काट्यावर जात होती.

"बाबू, तू तिकडच्या गावालेही जाऊन राहिला ना? तिथं धान काय भावानं घेऊन राहिले?"

"ते सांगता येत नाही, मावशी."

"काऊन? आमच्या घरची चाय पेऊन राहिला, अन् एवढंही सांगत नाही?"

हातातला कप जड झाला. सांगून टाकलं.

मावशी ताडकन उठली. "उतरवा जी पोते! आमाले कायले येड्यात काढता?"

"अरे मौसी, वहाँ तक का किराया कौन देगा?" व्यापारी म्हणाला.

"सारी गल्ली मिळून गाडी करू. तू कायले फिकर करतं?"

बाकीची घरंही बाहेर आली. त्याने डोकं खाजवलं आणि जागच्या जागी भाव वाढवला. केंद्राइतका नाही, पण वाढवला. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी हातातले कागद आठवले. मॅडमचं दुसरं गाव मी नासवलं होतं. पुढच्या घरांच्या कागदांवर आधीचाच भाव लिहिला असता तर कुणाला कळलं असतं? पण मग ते कागद कसले? आज हाकलणार, हे धरूनच मी मॅडम उतरल्या होत्या त्या लॉजवर गेलो आणि सगळं सांगितलं.

मॅडमनी माझ्या हातातले कागद घेतले. मग म्हणाल्या, "कितव्या घरी सांगितलंस?"

"पाचव्या."

त्यांनी कागद क्रमाने पलंगावर मांडले. चार घरं एका भावाची, त्यापुढची वेगळ्या. त्यांचा आवाजच बदलला. "अरे, बघ! केंद्राने इथलं एक पोतंही घेतलं नाही, तरी भाव हलला. म्हणजे केंद्राची नुसती बातमी जिथं जिथं पोचली असेल, तिथला फायदा आपण मोजतच नाही आहोत!" आम्ही दोघं त्या कागदांवर वाकून वेड्यासारखे बोलत राहिलो.

मग त्यांनी अहवालात सगळं लिहिलं. प्रश्न विचारणाऱ्याची चूक झाली, त्या दिवसापासून हे गाव तुलनेतून वगळलं, आणि एका गल्लीवरून काही सिद्ध होत नाही, हेसुद्धा. मला मात्र वगळलं नाही. शेवटच्या घरापर्यंत काम माझ्याकडेच ठेवलं. निघताना म्हणाल्या, "पुढच्या हंगामात तो भाव टिकतो का, तेच बघायचं होतं. पण अभ्यासाची मुदत संपली."

मॅडम, ते मी बघून येईन. अजून जमलेलं नाही, पोटापाण्यासाठी आणखी लांब आलोय. पण एखाद्या हंगामात रजा काढून त्या गल्लीत जाईन, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत तेच प्रश्न विचारीन, या वेळी तोंड मिटून, आणि सगळे कागद तुमच्या हातात आणून देईन.