मोनालीची बरणी

कोपरखैरण्याच्या राहीबाईंचं नाक वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात सगळ्यांना ठाऊक होतं. बावीस वर्षं त्यांनी तिथे कांदा निवडला. पोतं उसवायच्या आधी त्या नुसत्या वाकायच्या आणि म्हणायच्या, "ह्यात दोन नासल्यात." दोनच निघायचे. नवरा जोतीराम त्याच मार्केटात माथाडी. साताऱ्याकडून दोघं आले, पाठीवरच्या पोत्यांवर दोन मुलं शिकवली. मोठा कुलदीप, धाकटी मोनाली. जोतीराम गेले, तेव्हा मोनालीच म्हणाली होती, "आई, आता बास झालं मार्केट." आणि मग गेल्या भाद्रपदात चार दिवसांच्या तापात मोनालीच गेली. सत्ताविसाव्या वर्षी.

तिचे कपडे वाटले गेले, मोबाइल कुलदीपने बंद करून कपाटात ठेवला. स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात मात्र एक काचेची बरणी राहिली, तोंडाला फडकं आणि रबर लावलेली. आत कोंबुचा. साखरेचा कोरा चहा आंबवून मोनाली तो करायची आणि बाटल्या भरून ऑफिसात न्यायची. चहावर पांढरट, जाड साय तरंगत असायची. त्या सायीला मोनाली स्कोबी म्हणायची. गावी तिचे दिवस घालून आल्यावर राहीबाईंनी फडकं उचललं, तर सायीखाली आणखी एक पातळ, नवी साय धरलेली होती. पोरगी गेल्यावर वाढलेली.

फ्रिजवर मोनालीच्या अक्षरातला कागद होता. दर वेळी जुना आंबट चहा दोन कप घालायचा, कमी नाही. चहा पूर्ण गार झाल्याशिवाय साय सोडायची नाही. भाजीच्या टोपलीजवळ ठेवायचं नाही. आणि शेवटी, खाली रेघ मारून: बुरशी आली तर वरची काढून भागत नाही. सायीसकट सगळं फेकायचं.

राहीबाईंनी सायीचे पदर सोडवून तीन बरण्या केल्या. दोन चालू ठेवल्या, तिसरी जुन्या चहात राखून ठेवली. महिन्याभरात पहिलीवर बुरशी आली. पांढरी, कोरडी, केसाळ. दिवाळीच्या आधी दुसरीवर आली, ती हिरवी. पाच ठिपके, एका ओळीत नव्हे, बोटं टेकवावीत तसे. एक जरा खाली, चार वर.

कुलदीपने पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला.

"आई, हे फेक. मला नाही बरं वाटत."

"फेकतेच हाय. तिनंच लिवलंय तसं."

"मी तिसरीबद्दल बोलतोय."

"तिसरीला काय झालंय?"

"झालं काहीच नाही. पण घरात टेन्शन येतं गं. तू बरणीशी बोलतेस. शेजारचे विचारतात, कोण आलंय का म्हणून."

"मग सांग, हाय कोणतरी," राहीबाई म्हणाल्या आणि बरणी उचलून मोरीत गेल्या. साय बरणीच्या तोंडाशी अडली. पालथी केली, हलवली, तरी सुटेना. काचेला धरून राहिल्यासारखी. शेवटी त्यांनी हात घातला. ती हाताला कोमट लागली. आतला चहा तर गारच होता.

आता एकच उरली होती. ती गेली असती, तर मोनालीच्या हातचं जिवंत असं घरात काहीच उरलं नसतं.

उलव्याहून जयमाला आली ती ह्यासाठीच. मोनालीची ऑफिसातली मैत्रीण, तीही घरी कोंबुचा करायची. तिने कागद वाचला, बरण्या पाहिल्या, फडक्यांचा वास घेतला.

"काकू, तुम्ही तर माझ्यापेक्षा स्वच्छ करता. मग येते कुठून?"

"तेच कळंना."

"कसं करता ते दाखवा. एकूण एक."

राहीबाईंनी दाखवलं. भांडी उकळत्या पाण्यातून काढणं, व्हिनेगरने विसळणं, चहा मोजणं. सगळं बरोबर. मग त्या सवयीने फळीवरचा, दुसऱ्या बरणीतला शेवटचा कप उतरवायला गेल्या आणि थांबल्या.

"हे काय?"

"तिचा वाटा. रोज पहिला कप तिच्या फोटोम्होरं ठेवते. तुळशीचं पान घालून."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

राहीबाईंनी पदर सारखा केला. "मोरीत कसं ओतू गं पोरीचं? अंगण न्हाय, तुळस कुंडीत, तिला आंबट चालत न्हाय. पान काढते आन् बरणीत परत. तिचं तिलाच."

जयमालाने कप हातात घेतला. आत पाहिलं, मग राहीबाईंकडे पाहिलं.

"काकू, मार्केटात सगळे तुमच्या नाकाचं सांगतात. ह्याचा वास कधी घेतलात?"

"वाढलेल्याचा वास घेत्यात व्हय कुणी? देवाचं असो नायतर गेलेल्या माणसाचं."

"आज घ्या."

राहीबाईंनी कप नाकाशी नेला. पावसात भिजलेल्या गाळ्यात, मागच्या भिंतीला राहून गेलेल्या पोत्याचा वास. हा वास त्यांनी हजार वेळा ओळखला होता. फोटोसमोर रोज त्या नाक बाजूला करून उभ्या राहिल्या होत्या, आणि रोज तेच आपल्या हाताने सायीवर ओतलं होतं.

"दोन्ही म्याच मारल्या," त्या म्हणाल्या.

जयमालाने हात धरला. "तिसरी लावू या. पण काकू, कप नाही. बरणीत परत काही जायचं नाही."

"मग ती उपाशी?"

"ते मला नाही सांगता येणार."

त्या दुपारी चहा गार झाल्यावर तिसरी साय नव्या बरणीत सोडली. ती तळाशी गेली, मग हळूच वर आली आणि कुशीवर वळावं तशी फिरून पडून राहिली. जयमाला म्हणाली, असं होतं. पण ती चहा न घेताच निघाली.

दुसऱ्या सकाळी बरणीवरचं फडकं एका जागी ओलं होतं. बांगडीएवढं गोल, मधोमध. राहीबाईंनी फोन लावला.

"गॅस असतो काकू, वाफ धरते. बदला लगेच, ओल्या फडक्यावरच बुरशी बसते. उकळून, इस्त्री मारून घ्या."

तिसऱ्या सकाळी पुन्हा. गोल तेवढंच, जागा तीच, आतून कोणी तोंड लावून श्वास सोडावा तसं. राहीबाईंनी फडकं बदललं. पाचव्या दिवशी त्यांनी बरणीची जागा बदलली, खिडकीपासून लांब, कोरड्या कपाटावर. तरी ओलं. फोटोसमोरची फळी त्या पुसत राहिल्या, पण कप ठेवला नाही. हात दोनदा गेला आणि दोनदा मागे आला.

दहाव्या दिवशी फडकं काढलं. नवी साय कडेपासून कडेपर्यंत धरलेली, गुळगुळीत, एक डाग नाही. राहीबाईंनी वाकून वास घेतला. आंबट, स्वच्छ. कुलदीप दाराशी उभा होता.

"आहे ना?" त्याने विचारलं.

"हाय."

तो आत आला. कपात थोडा काढून घोटभर प्यायला, तोंड वाकडं केलं, उरलेलाही संपवला. "जयमालाला थोडी साय दे. एकाच घरात नको ठेवूस सगळी."

राहीबाईंनी सायीचा एक पदर सोडवून उलव्याला पाठवला. आपली बरणी पुन्हा लावली. दोन कप जुना चहा, गार झालेला नवा, इस्त्रीचं फडकं.

सकाळी ते ओलं होतं. त्यांनी फोन केला नाही. उकळलेलं दुसरं घेतलं, रबर चढवायच्या आधी त्याच्या कोरड्या कडेने बरणीचं तोंड टिपलं, जपून, झोपेतून उठलेल्या लेकराचं टिपावं तसं, आणि म्हणाल्या, "हलू नको आता."