अंगठ्याचं काम

दुरुस्तीच्या दुकानात तिला सगळे डाखीण म्हणायचे. जिथं तार तुटली तिथं डाख द्यायचा हे तिचं काम, म्हणून डाखीण. नवं गिऱ्हाईक ते नाव ऐकून दचकायचं आणि मालक सांगायचे, घाबरू नका, ही फक्त बिघडलेल्या वस्तूंना धरते.

नवरा तिला त्या दुकानातच भेटला. तो मालधक्क्यावर क्रेन चालवायचा. त्याला तिथं अलगद म्हणत, कारण त्यानं उतरवलेला खोका जमिनीला टेकला की नाही ते खाली उभ्या माणसाला वाकून बघावं लागे. आणि हा अलगद माणूस दर पंधरवड्याला मोडका जॉयस्टिक घेऊन काउंटरवर हजर. घरी त्याच्याकडे जुना कॉम्प्युटर होता, टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून गेम चढवायचा, तसला. त्याच्यावर एक पोस्टमनचा खेळ. पोस्टमन खांद्यावर पिशवी टाकून नाले-पूल ओलांडत निघालेला असतो, आणि हा जॉयस्टिक असा पिळायचा की दांडाच उपटून हातात यायचा.

तिनं एकदा विचारलंच, क्रेनवर म्हणे तुम्ही लोणी, मग यानंच काय घोडं मारलंय तुमचं?

"तिथं खाली माणसं असतात," तो म्हणाला.

हे वाक्य तिला आवडलं. तिसऱ्या खेपेला तिनं जॉयस्टिक उघडला तर आतली पत्र्याची पट्टी मोडलेली नव्हती, कुणीतरी स्क्रूड्रायव्हरनं नीट वाकवलेली होती. तिनं ती सरळ केली, पैसे घेतले नाहीत आणि मालकांना काही बोलली नाही. पुढचं सांगायला नको.

घरात दोघंच. कामावरून आल्यावर तो खेळायचा आणि ती मागच्या पलंगावर बसून काहीतरी शिवत, उसवत, निवडत असायची. पोस्टमन पाण्यात पडला की, "बुडवलंत का पुन्हा सरकारी नोकराला?" एवढंच म्हणायची. शेवटी शेवटी एक दोरांचा पूल होता, पाय ठेवला की मागची फळी गायब. तो पूल त्याच्यानं आयुष्यात कधी ओलांडला गेला नव्हता. गेम लिहिणाऱ्यानंच ओलांडला नसेल, असं त्याचं ठाम मत होतं.

मग कप निसटायला लागले. मग शर्टाची बटणं लागेनात. एक दिवस क्रेनच्या दांड्यावरून हात घसरला आणि खोका हातभर वरून आपटला. खाली कोणी नव्हतं. तरी तो आपणहून शिडी उतरला आणि मुकादमांना म्हणाला, उद्यापासून दुसरा बघा. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, नसांचा आजार आहे, हात आधी जाईल, गेलेलं परत येत नाही. त्यानं मान डोलावली. ऐकणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

जॉयस्टिक त्याच्या मुठीत राहीना. तेव्हा तिनं दुकानाच्या भंगारातून एक गेमपॅड उचलला, दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी चालवायचा. पिन तीच, खाच तीच, पण आतल्या तारांची भाषा वेगळी. बसतंय म्हणून खुपसलं की जुन्या कॉम्प्युटरची चिप जळायची. तिनं एकेक तार सोडवून नव्या जागी लावली. जॉयस्टिकवर उडी मारायला दांडा वर ढकलावा लागतो, ती उडी तिनं उजव्या अंगठ्याखालच्या बटणावर आणून दिली.

त्याला तो पॅड बघूनच राग आला.

"ही काय साबणाची वडी? आणि नुसता अंगठा? मी काय अंगठाबहाद्दर आहे?"

"अहो, पगाराच्या वेळी सही करत होतात ना, तेवढं शिक्षण बास झालं. आता अंगठा चालवा."

तो हसला नाही. दोन दिवस पॅड तसाच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी ती दुकानातून आली तर आतून पोस्टमनच्या उड्यांचे आवाज येत होते. ती दारातच चपला हातात घेऊन उभी राहिली.

अंगठ्यानं बरीच साथ दिली. मग तोही मंदावला. बटण दाबलं जायचं ते पोस्टमन पाण्यात गेल्यावर. तो खेळ संपवून पॅड बाजूला सारायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. जेवताना ती भरवायची, त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही. त्या भिंतीकडे बघण्याचं मात्र तिला भय वाटायचं.

तेव्हा तिनं ते केलं. दुसरा पॅड आणला आणि त्याच्या तारा पहिल्याच्याच पिनेत नेऊन डाखल्या. एका खाचेत दोन पॅड. कॉम्प्युटरला काय, तारेला तार टेकली की झालं, अंगठा कुणाचा ते त्याला कुठं कळतंय. दुसरी तार सतरंजीखालून पलंगापर्यंत आणली. बटणं वाजू नयेत म्हणून आत फ्लॅनेलचे तुकडे घातले. ही तार कसली गं, त्यानं विचारलं. अर्थिंगची, ती म्हणाली. तारांच्या बाबतीत तिचा शब्द त्याला शेवटचा होता.

मांडीवर शिवण, शिवणीखाली पॅड. पण हात तिचे डाखणारे, खेळणारे नव्हेत. पहिले काही दिवस तिनं पोस्टमनला इतक्यांदा बुडवलं की तो स्वतःच्या अंगठ्याला शिव्या घालू लागला आणि तिला त्या मुकाट ऐकाव्या लागल्या. मग सुट्टीच्या दुपारी तो झोपला की ती आवाज बंद करून सराव करायची. हळूहळू पोस्टमन तगू लागला. तो ताठ बसू लागला. भिंत सुटली. पूर्वीसारखा हुकूम सोडायला लागला, अगं चहा टाक, अगं खिडकी लाव.

आणि मग एका संध्याकाळी पोस्टमन दोरांच्या पुलाशी आला. एक फळी, दोन फळ्या, तिसरी. आपण कुणासाठी खेळतोय याचा तिला पुरता विसर पडला. तिनं पूल ओलांडला. पलीकडे एक निळं दार होतं. ते दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं.

तो मांडीवरच्या अंगठ्याकडे बघून, कुणी झोपलेलं उठू नये अशा आवाजात म्हणाला, "बघितलंस?"

तिनं शिवण डोळ्यांशी नेली, टाका तपासत असल्यासारखी.

पुढच्याच आठवड्यात वन्सं आल्या. त्याची थोरली बहीण, कॉम्प्युटरला भंगार म्हणणारी. त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि तिचे दोन्ही हात धरून हसल्या. म्हणाल्या, हात परत येतोय आणि तू मला सांगत नाहीस होय गं? तू दुकानात असताना त्यानं माझ्याकडून मुकादमांना फोन लावून घेतला. रविवारी येतायत ते. हाताला जोर आलाय म्हटल्यावर हलकं काही काम देतील म्हणाले. तुझ्या त्या भंगारानं चमत्कार केला बाई.

वन्सं चहा पिऊन गेल्या. ती तशीच ओट्याला टेकून उभी राहिली.

शनिवारी संध्याकाळी तो म्हणाला, लाव गं, उद्यासाठी हात साफ करून घेतो. तिनं कॅसेट लावली. पॅड त्याच्या हातांखाली ठेवला, अंगठा बटणावर नेऊन दिला आणि मागे जाऊन बसली. पोस्टमन पहिल्या नाल्याच्या काठाशी आला. अगदी सोपा नाला. तिनं शिवणीखालचे अंगठे उचलले.

पोस्टमन काठावर उभा राहिला.

"अगं, अडकलं हे."

तिनं अंगठे वरच ठेवले.

"तार सुटली असेल. बघ ना जरा."

इथं सुटायला जागा होती. उठायचं, पिन हलवायची, हां, सैल झाली होती म्हणायचं. पण उद्या मुकादम त्याचा हात हातात घेणार होते.

"तार ठीक आहे," ती म्हणाली.

"मग?"

ती उठून पुढे आली आणि आपला पॅड त्याच्या गुडघ्यावर, त्याच्या पॅडशेजारी ठेवला. तो यंत्रावरचा माणूस. नजरेनं तारेमागून गेला, सतरंजीपर्यंत, तिथून पिनेपर्यंत. समजावून सांगायला काही उरलं नाही.

"कधीपासून?"

"तुमचा अंगठा गेल्यापासून."

"अंगठा कधी गेला?"

तिनं त्याच्या गुडघ्यावरची तार सरळ केली.

"आणि पूल?"

"मी."

"सगळा?"

"सगळा."

पडद्यावर पोस्टमन जागच्या जागी पाय हलवत होता. उभं ठेवलं की तो तसा करायचा.

"मला बटण लागत होतं गं अंगठ्याखाली," तो म्हणाला. "खरंच लागत होतं."

ती खाली बसली, त्याच्या पायांशी. तो रागावला असता तर बरं झालं असतं. मग तो म्हणाला, फोन लाव, मी बोलतो. तिनं नंबर फिरवला आणि फोन त्याच्या कानाशी धरला. पलीकडे मुकादमांचा धक्क्यावर कमावलेला आवाज, तिलाही शब्दन् शब्द ऐकू येणारा. अरे अलगद, उद्या येतोच आहे की, एवढी काय घाई?

"उद्या नको," तो म्हणाला. "उद्या आम्ही घरी नाही."

मग पुढच्या रविवारी? कळवतो, तो म्हणाला. मुकादम ऐकणारे थोडेच. नवी पोरं खोके कसे आपटतात, परवा काचेचा माल कसा फुटला, तेव्हा सगळ्यांना कुणाची आठवण झाली, सगळं त्यांनी हसत हसत सांगितलं. तो हं म्हणत राहिला, योग्य त्या जागी एकदा हसलासुद्धा. मग पलीकडून फोन बंद झाला.

त्यानं काढ म्हटलं नाही. तिनंही तो कानापासून काढला नाही.