आधी नवा दोरा

आत्ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी गगनबावड्यात, कॉलेजच्या ग्रंथालयात, ओल धरलेली पुस्तकं पंख्याखाली उघडून ठेवत होते. मिळेल त्या एसटीनं शिवाजी पेठेतल्या तिच्या घरी पोचले. दारात चपलांचा ढीग, आत उदाचा धूर, आणि आत्तीला जमिनीवर निजवलेलं. तिच्या अंगावर दोन बायका वाकल्या होत्या. मला वाटलं, तोंडात पाणी घालताहेत. जवळ गेले तर एकीच्या हातात कात्री होती. ती आत्तीचे केस कापून रुमालात बांधून घेत होती. दुसरी पायाची नखं काढत होती. "ताईतात घालायला," ती मला समजावल्यासारखं म्हणाली, "असला केस पुन्हा गावतोय व्हय?" मी तोंडावर पदर धरून मागच्या मोरीकडे गेले. रडू आलं नाही. ओकारी आली.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्या अंगात देवी यायची. लोक तिला देवरशीण म्हणत, आणि पार मलकापूरपासून माणसं तिच्याकडून ताईत करून घ्यायला येत. ताईत कसा होतो हे मी लहानपणापासून बघत आले, पण ते कौतुकानं कुणाला सांगावं असं कधी वाटलं नाही. बोटाच्या पेराएवढी तांब्याची नळी. तिच्यात चिमूटभर राख, मोहरीचे दाणे, आणि ज्याच्यासाठी करायचा त्याच्या अंगाचं काहीतरी... मोठ्या माणसाचा केस, लहान मुलाची वाळून गळालेली नाळ. मग आत्ती मेणाचा गोळा तोंडात टाकायची आणि मिश्रीनं काळ्या झालेल्या दातांनी चावून मऊ करायची. त्या तपकिरी, थुंकीनं ओल्या मेणानं नळीची तोंडं बंद व्हायची. शेवटी एरंडेलात भिजवलेला काळा दोरा, आणि त्याच्या प्रत्येक गाठीवर तिची फुंकर.

माझ्या गळ्यातही असाच एक होता. माझ्या आधीचं भावंड पाळण्यातच गेलं, म्हणून आईनं तो आत्तीकडून करून घेतला होता. त्याला साबण लावायचा नाही, तो काढायचा नाही, दर अमावास्येला उदाच्या धुरावर धरायचा. घामानं दोरा कुजायचा, मानेभोवती काळी रेघ पडायची, उन्हाळ्यात त्याचा वास माझा मलाच यायचा. वर्गातली एक मुलगी बाकावर लांब सरकून विचारायची, "तुझ्या गळ्यात काय मेलंय गं?" दोरा बदलताना आत्तीचा एक नियम होता. नळीच्या कडीतून नवा दोरा ओवून तो आधी गळ्यात बांधायचा, मगच जुना कापायचा. गळा क्षणभरही मोकळा राहता कामा नये. ती दोन बोटांनी माझी हनुवटी उचलायची, "वर बघ शाले, पाल बघ पाल," म्हणायची, आणि कात्रीचं थंड पातं मानेला लागायचं.

कॉलेजात गेल्यावर मी तो काढून टाकला आणि तिला सांगितलं, मला किळस येते. ती चिडेल असं वाटलं होतं. "येऊ दे की," ती म्हणाली. "त्यात काय देव बसलाय व्हय? तुझ्या आईची भीती हाय ती. नळीत घालून मेण लावलं की घरभर हिंडत न्हाय."

शेवटच्या भेटीत ती अंथरुणाला खिळलेली होती. स्वतःच्या गळ्यातली नळी तिनं, दोरा न काढताच, माझ्या मुठीत धरायला दिली. चिकट, कोमट... मला हात काढून घ्यावासा वाटत होता. "ह्यात माझ्या पयल्या पोरीची नाळ हाय," ती म्हणाली. "बारशाआधीच गेली ती. हे माझ्यासंगं जळू दे. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालू देऊ नगंस. बाळूला सांगून उपेग न्हाय, त्यो लोकांचं ऐकतोय." त्या मुलीबद्दल आमच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

आत्तीला उचलताना मी बघितलं, तिचा गळा मोकळा होता. मला वाटलं, त्या कात्रीवाल्या बायकांनीच ताईत नेला. संध्याकाळी तो दिसला. आत्तीचा मुलगा बाळू, त्याच्या दीड वर्षाच्या मुलीच्या, परीच्या, गळ्यात. दोरा लांब होता, नळी पोटावर लोंबत होती, आणि परी ती तोंडात घालून चोखत होती. बाहेरच्या कट्ट्यावरून आत आलेली एक बाई वाकून त्या पोरीच्या पाया पडली.

"गादी चालाय पायजे की, शालूताई," बाळू म्हणाला. "शुक्रवारी लोकं येणार. कुणाला तरी बसवाय लागतंय."

"हिला? हिला अजून नाक पुसता येत नाही."

"आता लगीच कुठं? पण लोकांनी हिच्यातच बघितलंय."

त्याच्याशी पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. रक्षाविसर्जनाच्या सकाळी तो पंचगंगेच्या घाटावर पुढं गेला, तेव्हा त्याच्या बायकोला, सुवर्णाला, मी त्या नळीत काय आहे ते सांगितलं. तिनं आधी परीच्या तोंडात बोट घालून ते पुसून काढलं. "काढा वन्सं, आत्ताच्या आत्ता काढा." मी कात्री उचलली तर तिनंच माझं मनगट धरलं. "थांबा. मोकळा गळा ठिवू नगासा. पोरीला घिऊन घाटावर जायचंय."

"यात काही नसतं गं, सुवर्णा."

"तुमच्यासाठी नसंल. माझी पोरगी हाय."

कपाटातून तिनं कापसात जपलेली परीची नाळ आणली. आत्तीच्या टोपलीत नळ्या होत्या, दोरा होता, मेण होतं. मेण गॅसवर धरलं तर वितळून ओघळलं, थंड झाल्यावर नळीच्या तोंडाशी तडकलं. "आत्याबाई असं करत न्हवत्या," सुवर्णा हळूच म्हणाली. मला ते ठाऊक होतं. उरलेल्या गोळ्यावर आत्तीच्या दातांचे ठसे होते. तो मी तोंडात घातला. मिश्री, एरंडेल, आणि कसलीशी जुनी, आंबट चव... गिळायचं नाही एवढंच स्वतःला बजावत मी चावत राहिले. नवा ताईत परीच्या गळ्यात बांधला, मग जुना कापला. आत्तीचा ताईत मी घाटावर रक्षेच्या मडक्यात तळाशी सरकवला.

"आईचा ताईत कुठाय?" बाळूनं विचारलं.

"आईजवळ."

"आता लोकांस्नी काय सांगू?"

"पोरीच्या गळ्यात तिचा स्वतःचा आहे, म्हणून सांग."

तो नदीकडे तोंड करून थुंकला आणि फुलं सोडायला खाली उतरला.

गेल्या आठवड्यात सुवर्णाचा फोन आला. "वन्सं, परीचा दोरा कुजलाय. तुम्हीच या." गेले. आता शुक्रवारी आलेल्यांना सुवर्णा दारातच चहा देते आणि तिथूनच वाटेला लावते. आत्तीची खोली तिनं धुऊन काढली आहे, तरी भिंतींना उदाचा वास आहे. मी दोरा एरंडेलात बुडवला, बोटं बुळबुळीत झाली. हे मला कधीच आवडणार नाही. परी मांडीवर वळवळत होती. नवा दोरा बांधून झाल्यावर मी दोन बोटांनी तिची हनुवटी उचलली आणि म्हणाले, "वर बघ, पाल बघ पाल." छतावर पाल नव्हती. ती तोंड उघडं ठेवून वर बघत राहिली, आणि तेवढ्यात मी जुना दोरा कापला.