दादा पुढे सरकत नाही

आमच्या सलूनमध्ये खुर्च्या दोन. खिडकीजवळची दादाची, आतल्या कोपऱ्यातली माझी. खिडकीजवळ उजेड, वारा, आणि दारातून शिरलेलं गिऱ्हाईक तिथेच टेकतं. माझ्या खुर्चीपर्यंत यायचं तर माणसाला वाळत घातलेल्या टॉवेलांखालून वाकून यावं लागतं! शेवटी मी दादाला म्हटलं, "बुद्धिबळात तुला हरवलं तर खिडकीची खुर्ची माझी." दादा म्हणाला, "बरं." तो सगळ्यालाच बरं म्हणतो. वहिनीला बघायला गेला होता तेव्हाही एवढंच बोलला होता.

पट दोन खुर्च्यांमधल्या स्टुलावर. आता दादाचं खेळणं ऐका. राजासमोरचं प्यादं एक घर. वजिरासमोरचं एक घर. दोन घरं गेलं तर दंड बसतो जणू! मग उंट राजाच्या पुढ्यात, घोडा बाहेर, किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात. संपलं. पुढे दिवसभर हत्ती एक घर इकडे, एक घर तिकडे. एका हाताने दाढी, दुसऱ्या हाताने हत्ती.

"अरे, कधीतरी हल्ला कर की!" मी ओरडायचो.

"कशाला? सगळे आपापल्या जागी नीट आहेत," असं म्हणून तो समोरच्या गालाला साबण फासायचा.

मला नाही बाबा असं जमत. मी तुटून पडतो. परवाच्या शनिवारी घोडा दिला, हत्ती दिला, आणि वजीर कुठून घुसवावा या विचारात इतका रंगलो की बँकेतल्या कॅशियरची अर्धी मिशी साफ!

कॅशियरने आरशात पाहिलं आणि बोंबच ठोकली. दादा धावला. त्याला चुचकारलं, उरलेली मिशीही काढली, वर "किती तरुण दिसताय!" म्हणाला. त्या गडबडीत त्याने पटाकडे न बघताच हत्ती सरकवला. नेहमीसारखाच, एक घर. पण राजाशेजारचं प्यादं उघडं पडलं की! मी वजीर आत घातला. शह आणि मात! मी सलूनभर नाचलो. नाचलो तर नाचलो, त्यात लाजायचं काय?

दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी ऐटीत उभा. पहिलं गिऱ्हाईक आलं, माझ्याकडे बघून हसलं आणि टॉवेलांखालून वाकून थेट दादाकडे. दुसरंही तसंच. शिंपीमास्तर तेवढे थांबले. पटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मिशीवर हात ठेवला.

"तुझं चालू दे," म्हणाले आणि तेही वाकले.

दुपारपर्यंत माझ्या खुर्चीत कुणी बसलं असेल तर मीच. खरं सांगतो, रडू यायचं बाकी होतं. "घे बाबा तुझी खुर्ची!" मी म्हटलं.

दादा वस्तऱ्याचं ब्लेड बदलत होता. "राहू दे रे," तो म्हणाला, "मला इथेच बरं वाटतं. मागे भिंत, बाजूला भिंत. आणि समोरून येतात ते वाकूनच येतात."