चारा छावणीतली करंटची काठी

हे लिहिताना मी अजूनही अडखळतो, कारण पहिला अर्ज माझ्याच हातचा होता.

त्या दुष्काळात शिरूर कासारच्या वाटेवर आमच्या सहकारी संस्थेने चारा छावणी उघडली होती. वैरणीच्या रांगेवर राखणदार असे, खांद्याला बंदूक. बायका-पोरं घाबरत. कॉलेजात जाणारा मी एकटाच, म्हणून गावाने अर्ज मला लिहायला लावला. विजेच्या हत्याराने माणूस मरत नाही, असं मी वाचनालयात वाचलं होतं. मोठ्या ऐटीत लिहिलं, ‘बंदुकीऐवजी जीव न घेणारे साधन द्यावे.’ चेअरमननी पाठ थोपटली आणि महिन्याभरात राखणदाराच्या हाती करंटची काठी आली.

बंदूक होती तोवर त्याने एकदाही गोळी झाडली नव्हती. झाडली असती तर पोलीस आले असते, पंचनामा झाला असता, काडतूस कुठं गेलं ते सांगावं लागलं असतं. काठीचं कुणाला काय सांगायचं? बटण दाबलं की झालं. रोज कुणीतरी किंचाळायचं आणि तो म्हणायचा, “मेला न्हाईस ना बे? मग सरक मागं.”

एका सकाळी आमची गाय बसली ती उठेना. दादा, म्हणजे माझे वडील, रांग सोडून पुढे गेले. “एक पेंढी आधी दे रं, गाय लई थकलीय.”

त्याने काठी दादांच्या बरगडीला लावली. दादा शेणात पडले. रांगेतले दोघे-तिघे हसले. त्यांचा राग मला राखणदाराइतकाच आहे.

मी दादांना चेअरमनकडे नेलं. चेअरमन म्हणाले, “कुठं लागलंय, दाखवा.” दादांनी सदरा वर केला. अंगावर साधा वळही नव्हता.

“मग तक्रार कशाची? आन् काठी तर तुमच्याच पोरानं मागितली.”

शेजारच्या काकूंनी आपल्या वाट्याची पेंढी दिली, तेव्हा गाय उठली. मी घरी येऊन कागद काढला.

“आता कोणतं हत्यार मागतूस?” दादांनी विचारलं.

मी लिहिलं, ‘वैरणीच्या रांगेत कसलेच हत्यार नको. आम्ही चोर नाही, सभासद आहोत.’ दादांनी सही केली तेव्हा करंटनं त्यांचा हात अजून थरथरत होता. नाव पार वेडंवाकडं उमटलं.

“दुसरा कागद घे, नीट करतो,” ते म्हणाले.

मी घेतला नाही. चेअरमनना दाखवायला आमच्याकडे तेवढंच होतं.