सशाचा खांदा

आमच्या घरात जनावरांच्या बाबतीत शेवटचा शब्द मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. ट्रॅक्टर आला, बैलजोडी विकली, गोठ्यात खताच्या पिशव्या रचल्या, तरी गावात कोणी बैल घ्यायला निघाला की आधी आमच्या ओट्यावर येतो. असा माणूस माझ्या मुलीच्या सशाला जनावर मानायलाच तयार नव्हता. "ना दूध, ना वखर. कायले पोसता?" म्हणायचे. मग मुलगी शिकायला नागपूरला गेली, ससा मागे राहिला, आणि बघता बघता मामाजींच्या खाटेखाली झोपू लागला. माझ्याशी बोलत नाहीत तेवढं ते त्याच्याशी बोलायचे.

पोळा तोंडावर आला तेव्हा सशाचे मानेमागचे केस झडायला लागले. दोन खांद्यांच्या मधे रुपयाएवढी जागा उघडी पडली, वर पांढरा कोंडा. मामाजींनी तिथं बोट फिरवलं आणि म्हणाले, "जुवानं बैलाचा खांदा सोलल्यावानी दिसते."

"काहून, रात्री वखराले जुपता का त्याले?" मी म्हटलं. ते हसले नाहीत.

मी फोटो काढून घाटंजीच्या जनावरांच्या डॉक्टरला पाठवला. ते म्हणाले, केसांत बारीक किडे झालेत, पोळा झाला की घेऊन या, लहानशी सुई देतो. तोवर वरून काही लावू नका. हे मी मामाजींना दोनदा सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या मान हलवण्याचा अर्थ होकार असतो असं मी अजूनही समजते, ही माझीच कमाल.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांच्या खांदशेकणीला, मी पुरणाची डाळ निवडत होते. अंगणातून उग्र वास आला. बाहेर आले तर ससा मामाजींच्या मांडीवर, त्याची मान ओली, आणि खाटेवर बैलांच्या गोचिडाच्या औषधाची जुनी बाटली.

"चारच थेंब लावले," ते म्हणाले. "बैलाले तं किती लावत होतो."

"बैल केवढा अन् हे केवढं, मामाजी?"

मी ससा हिसकावूनच घेतला. त्याचे कान आडवे पडले होते आणि मागचा एक पाय राहून राहून ताठ होत होता. डॉक्टरला फोन केला. तेवढीच जागा साबणाच्या पाण्यानं पुसा, कोरडी करा, गुंडाळून लगेच आणा, असं त्यांनी सांगितलं. नवरा बाजारात गेला होता. मी स्कुटी काढली. मामाजी न सांगता मागे बसले, मांडीवर टॉवेलात ससा.

रस्ता खड्ड्यांचा, आणि मला मागे वळून बघता येत नव्हतं. मी सारखी विचारत होते, "हाय का?" मागून उत्तर यायचं, "हाय." पुलाजवळ विचारलं, "हाय का?" उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. गाडी कडेला घ्यावी की तशीच दामटावी कळेना. मग पाठीमागून अगदी बारीक आवाज आला, "हाय. पण लय कापून राह्यलं, बाई."

डॉक्टरनी टॉवेल उघडला, वास घेतला. "कोणी लावलं हे?"

"म्या," मामाजी म्हणाले.

डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मान नीट पुसून काढली, इंजेक्शन दिलं, आम्हाला बराच वेळ बसवून ठेवलं. झटके थांबले. निघताना मला म्हणाले, "सशाचं पोट बंद पडलं की संपलं. आज दिवस मावळेपर्यंत त्यानं स्वतः काही खाल्लं पाहिजे. नाही खाल्लं तर माझ्या हातात फार काही नाही."

घरी येऊन मी त्याच्यापुढे कोथिंबीर धरली, गाजराची पानं धरली, मेथी धरली. तो भिंतीला चिकटून बसला. तोंड लावेना. मामाजी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून. मला त्यांचा राग होता, आणि त्या पाठीकडे बघवतही नव्हतं. ऊन कलायला लागलं तशी मी उठून त्यांच्याजवळ गेले.

"मामाजी, तुमी या. माझ्या हातचं घेत नाही ते."

"माया हाताले इख हाय," ते म्हणाले.

"धुवा मग."

त्यांनी हात राखेनं धुतले, साबणानं धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. बांधावरून हरळी उपटून आणली आणि सशापुढे मांडी घालून बसले. शेजारच्या गोठ्यात तेव्हा बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लागत होतं. या सांजेला बैलाला जे सांगतात ते तिकडून ऐकू आलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मामाजींनी आयुष्यभर हेच म्हटलेलं. त्यांनी काडी सशाच्या तोंडाशी नेली. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. मग निघाला.

"तुले आवतन नाई, बापू. तू आजच जेव."

ससा हलला नाही. मामाजींचा हातही हलला नाही. छपरावरचं ऊन गेलं. मी डोळे मिटून घेतले, कारण आता मला बघायचंच नव्हतं. आणि मग तो आवाज ऐकू आला, दातांखाली गवत तुटतं तो, कुरुकुरु.

मी डोळे उघडले तेव्हा मामाजी दुसरी काडी उचलत होते, आणि त्यांना ती डोळ्यांतल्या पाण्यामुळे सापडत नव्हती. मी उचलून त्यांच्या हातात दिली.