सात नंबरच्या बसचे तीन फोटो

आमच्या डेपोत बसमध्ये कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर बसवते, तिला सगळे वायरताई म्हणतात. मी टायर खात्यातला, तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, तरी मीही ताईच म्हणतो. बाई कामाला चोख आणि तोंडाला तिखट. एकदा मॅनेजर म्हणाला, "चालतंय तेवढं चालू द्या." ही लगेच म्हणाली, "ब्रेकचंही तसंच करू का, साहेब?"

तिची मात्रा चालत नसे ती एकाच माणसापुढे, तिच्या बाबांपुढे. ते सात नंबरच्या बसचे ड्रायव्हर. बत्तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, आणि रिटायर व्हायला उरले होते चार महिने. मध्यंतरी ते तिला म्हणाले, "पोरी, तुझा तो डबा माझी बॅटरी खातो. थांब्यावर इंजिन बंद केलं की त्यालाही लवकर झोपव."

आता त्याचं असं असतं. इंजिन बंद असताना बॅटरी ठरावीक व्होल्टच्या खाली उतरली की रेकॉर्डर आपोआप बंद होतो, म्हणजे गाडी पुन्हा सुरू करायला बॅटरीत दम राहतो. बाकीच्या बसना तिनं तो आकडा तेवीस ठेवला होता. बाबांच्या बसला पंचवीस केला. पाच मिनिटांत रेकॉर्डर बंद! दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर तिनं त्याला दारातून हाकललं असतं.

मग मुख्य ऑफिसचं पत्र आलं, की सात नंबरचं दुपारच्या थांब्याचं रेकॉर्डिंगच मिळत नाही. ताई वरमली. तिनं आकडा गुपचूप तेविसावर आणला, आणि रेकॉर्डर जागा राहतो का ते कळावं म्हणून, इंजिन बंद असताना पुढचं दार उघडलं तर तीन फोटो काढून आपल्या कॉम्प्युटरवर पाठवायचे, अशी सूचना त्याला देऊन ठेवली. बाबांना सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या खोलीत चहा पीत बसलो होतो. दीड वाजता फोटो आले. पहिल्यात कंडक्टरनं बाबांचा हात धरला होता. दुसऱ्यात बाबा पायानं पायरी चाचपत होते. तिसऱ्यात कंडक्टर त्यांची बोटं दाराच्या दांड्यावर नेऊन ठेवत होता.

"गुडघा धरला असेल गं," मी म्हटलं.

तिनं सकाळच्या फेरीचं रेकॉर्डिंग काढलं आणि आवाज वाढवला. कंडक्टर बाबांच्या खांद्याला खेटून उभा होता. "लाल आहे. थांबा... हिरवा. डावीकडे सायकल, जरा उजवीकडे घ्या... बाई रस्ता ओलांडतेय. ब्रेक, ब्रेक!"

मागे चाळीस माणसं निवांत बसली होती. कुणी पेपर वाचतंय, कुणी डुलक्या काढतंय. बापरे! माझे तर डोळेच पांढरे झाले.

"घरात कप जागचा हलला तरी ओरडतात," ताई पुटपुटली. "चप्पल इकडची तिकडे झाली की घर डोक्यावर घेतात. मला वाटायचं, वय झालं, चिडके झालेत. काका, मी त्यांच्या ताटात रोज वाढते हो! मला कसं कळलं नाही?"

"आणि डोळ्यांची तपासणी? दर वर्षी होते ना?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "तो कंडक्टर, त्याला तर मी..."

"अक्षरांचा तक्ता पाठ केला असेल त्यांनी." तिनं घड्याळाकडे पाहिलं. दोनला पाच कमी. दोनला बस सुटणार. "काका, कंट्रोलरला फोन करा. सात नंबरला दुसरा ड्रायव्हर हवा म्हणावं. का विचारलं तर खरं सांगा, माझं नाव घेऊन सांगा."

"चार महिने राहिलेत गं त्यांचे."

"चाळीस माणसं बसतात त्या गाडीत, काका!"

ती धावत सुटली. सात नंबरचा थांबा फाटकाबाहेरच आहे. मी कसाबसा फोन केला आणि तिच्या मागे पळालो.

बस भरली होती, इंजिन सुरू होतं. भर उन्हात ताई बसच्या पुढे उभी होती, काचेपासून दोन हातांवर. समोर कुणी बाई आहे एवढं पुसट दिसलं असावं, बाबांनी हॉर्न दिला. ती हलली नाही. मागे कंडक्टरनं तिला पाहिलं आणि मान खाली घातली.

बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि कुणा परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "ओ बाई, जरा बाजूला व्हा. गाडी काढायचीय."

ताई तिथेच उभी राहिली.

"बाई, ऐकू येतंय ना?"

"येतंय, बाबा," ती म्हणाली. "चावी द्या."

बाबांनी इंजिन बंद केलं. मग आवाजाच्या रोखानं पाहत त्यांनी हळूच विचारलं, "तू कधी आलीस गं?"